भल्या ड्यूकवरचा खटला

साताऱ्याच्या स्टँडवरून सांगलीची एसटी सुटली तेव्हा भार्गवी शेंड्येच्या शेजारची जागा रिकामी होती आणि ती तशीच राहावी अशी तिची मनापासून इच्छा होती. ‘ग्राहकाशी हसतमुखानं कसं बोलावं’ या विषयावर बँकेनं तिला दिवसभर साताऱ्यात बसवून प्रशिक्षण दिलं होतं. तिचे गाल दुखत होते. सांगली येईपर्यंत कुणाकडेही बघून हसायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं.

गाडी फाटकाबाहेर पडता पडता एक उंच तरुण धावत आला, दांडीला लटकला, कंडक्टरची चार वाक्यं निमूटपणे ऐकून घेतली आणि नेमका तिच्या शेजारी येऊन बसला. मार्गशीर्षात पावसाचं काही काम नव्हतं, तरी अवकाळी शिंतडत होता. तरुणाच्या केसांतून पाणी ठिबकत होतं. त्यानं पिशवीतून एक पुस्तक काढलं, रुमालानं ते हळुवार टिपलं, मग चष्मा पुसला, आणि स्वतःचं डोकं पुसायचं विसरून वाचायलाच लागला.

आधी पुस्तक पुसणारा माणूस... भार्गवीला बरं वाटलं. तिनं जरा मान वळवून पुस्तकाचं नाव वाचलं, आणि तिचे दुखरे गाल ताठ झाले.

‘सॉमरसेट : गरिबांचा कैवारी’. लेखक, प्रा. वि. ग. शेंड्ये.

म्हणजे अण्णा. भार्गवीचे वडील. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं होतं.

तरुणानं दातांत धरलेली पेन्सिल काढली आणि समासात लिहिलं, ‘साफ चूक!’ पान उलटलं. ‘पुरावा?’ आणखी एक पान. या वेळी तो नुसताच हसला आणि पुस्तकाला म्हणाला, “अहो सर... असं कुठं असतंय का?”

इथं या ड्यूकची ओळख करून द्यायला हवी. पावणेपाचशे वर्षांपूर्वी इंग्लंडचा आठवा हेन्री वारला आणि गादीवर त्याचा नऊ वर्षांचा मुलगा आला. राज्य सांभाळायला मुलाचा मामा पुढं झाला. एडवर्ड सीमोर, सॉमरसेटचा ड्यूक. त्या काळी तिकडच्या जमीनदारांनी सपाटा लावला होता : गावाची गायरानं कुंपण घालून बंद करायची, लोकरीसाठी तिथं मेंढ्या सोडायच्या आणि माणसं हाकलायची. मामानं चौकशी नेमली, कुंपणं मोडायला निघाला. गरिबांनी त्याला ‘भला ड्यूक’ म्हटलं. पण तीन वर्षंही झाली नाहीत तोच दरबाऱ्यांनी त्याला खाली खेचलं, आणि पुढं त्याचं मुंडकं उडवलं. त्याच्याविषयी इतिहासकारांचं अजून एकमत नाही. शंभर वर्षांपूर्वीचे म्हणत, काळाच्या पुढचा उदार माणूस. पन्नास वर्षांपूर्वीचे म्हणू लागले, कसला उदार! हेकट, गर्विष्ठ, कुणाचं न ऐकणारा, स्कॉटलंड जिंकायच्या नादात तिजोरी उधळणारा. अण्णा पहिल्या पक्षाचे. पक्षाचे कसले, ते तर ड्यूकचे नातेवाईक असल्यासारखेच वागत. इतर मुलींना झोपताना राजकन्या आणि राक्षस मिळत. भार्गवीला सॉमरसेट मिळाला. पाचवीपर्यंत तिला तो आपला लांबचा मामा वाटत असे.

“पुस्तकावर एवढा राग?” तिनं शेवटी विचारलं.

“राग न्हाई...” तो दचकला, सावरला. “नाही हो, राग नाही. भांडतोय. लेखक समोर नसला की पेन्सिलीनंच भांडावं लागतं.”

“आणि समोर असता तर?”

“तर चहा पीत भांडलो असतो. पण उशीर झाला. गेले ते.” त्यानं पुस्तक मिटून तळव्याखाली धरलं. “मराठीत या माणसावर एवढं जीव लावून कुणी लिहिलेलं नाही. म्हणून तर चीड येते. इतकं सुंदर लिहिलंय, आणि इतकं चुकीचं!”

“चौकशी नेमली हे चुकीचं? कुंपणं मोडायचा हुकूम काढला हे चुकीचं?”

तो तिच्याकडे बघतच राहिला. एसटीत शेजारी बसलेली बाई सॉमरसेटची बाजू घेते, हा अनुभव त्याला नवा होता.

“हुकूम काढले,” तो सावधपणे म्हणाला. “रग्गड काढले. पण गरीब खरंच उठले तेव्हा त्यांच्यावर फौज कुणी घातली?”

“त्याच्या हाताखालच्या सरदारांनी.”

“आणि स्वतःसाठी राजवाडा बांधायला चर्च कुणी पाडलं? तेही हाताखालच्यांनी?”

“वाडा कुणी बांधत नाही? मेला तेव्हा लोकांनी त्याच्या रक्तात रुमाल भिजवून घेतले, माहीत आहे ना?”

“गर्दीचं काय घेऊन बसलात, मॅडम!”

कराडला गाडी थांबली. तो उतरून गरम भजी घेऊन आला, कागद दोघांच्या मधे ठेवला आणि स्कॉटलंडच्या स्वारीवर बोलायला लागला. पेठ नाक्यापर्यंत स्वारी संपली नाही. तिकिटं तपासायला आलेला कंडक्टर जरा वेळ उभा राहून ऐकत होता. म्हणाला, “साहेब, एवढंच सांगा, तुमचा तो माणूस सुटला का अडकला?”

“अडकला,” तो म्हणाला.

“अन्यायानं,” ती म्हणाली.

आष्टा मागं पडल्यावर त्यानं आपलं नाव सांगितलं. बिरदेव गोरड. गाव म्हसवडजवळ. साताऱ्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवतो. “या महिनाअखेरीला सांगलीत या ड्यूकवर खटला आहे. अभिरूप न्यायालय, म्हणजे लुटुपुटीचं कोर्ट. शेंड्ये सरांच्या पहिल्या स्मृतिदिनाला त्यांच्या कॉलेजनं ठेवलंय. फिर्यादीचा वकील मी.”

भार्गवीनं उरलेल्या गार भज्याचा तुकडा सावकाश गिळला. साताऱ्याचे कुणी ‘प्रा. गोरड’ समोर असणार, एवढं तिला कॉलेजनं कळवलं होतं. तिनं मनात टक्कल आणि सफारी घातलेला गृहस्थ उभा केला होता.

“आणि बचावाला कोण?”

“सरांची मुलगी. बँकेत असते म्हणे.” त्याचा आवाज दयाळू झाला. “बिचारी वडिलांच्या मायेपोटी उभी राहील. मी फार जोर लावणार नाही.”

“नका लावू,” ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. “बँकेतल्या बायकांना झेपत नाही.”

सांगली आली. उतरल्यावर त्यानं विचारलं, विश्रामबागेत शेंड्ये सरांचं घर कुठंसं आहे? सरांची पुस्तकं बघायला त्यांच्या पत्नींनी बोलावलंय.

“चला. मी तिकडंच निघालेय.”

रिक्षात तिनं त्याला सगळा रस्ता बोलू दिलं. घराशी आल्यावर फाटकाची कडी काढली. तो म्हणाला, “अहो, तुम्ही कशाला, मी उघडतो...” ती पायऱ्या चढली, पर्समधून किल्ली काढली, दार उघडलं आणि चपला काढून आत जात म्हणाली, “आई, फिर्यादी पक्ष आलाय. चहा टाक.”

बिरदेव पायरीवरच उभा राहिला. त्याच्या कानांचा रंग बराच वेळ बघण्यासारखा होता.

“आता या,” ती म्हणाली. “फार जोर न लावता.”

आणि दिवसभराचं प्रशिक्षण घेऊनही जे हसू तिला जमलं नव्हतं, ते आपोआप आलं.

*

बाहेरच्या खोलीत अण्णांचा फोटो होता, चंदनाच्या हारातला. वर्षभर येणारा प्रत्येक जण त्या फोटोपुढं आवाज बारीक करी आणि म्हणे, “देवमाणूस होता.” भार्गवीच्या आई, चारुशीलाबाई, मान डोलावत आणि चहा आणायला आत जात. चाळीस वर्षं त्या माणसानं मीठ कमी पडलं म्हणून, पेपर उशिरा आला म्हणून आणि मुख्यतः सॉमरसेटवरून घर डोक्यावर घेतलं होतं. तो माणूस कुठं गेला, हे त्यांना कुणी सांगत नव्हतं.

बिरदेवनं फोटोला वाकून नमस्कार केला. मग सरळ उभा राहून, त्याच आदरानं म्हणाला, “सर, स्कॉटलंडबाबत तुम्ही चुकलात.”

“काय चुकले?” भार्गवी उसळली.

“साठ पानं लिहिलीत आणि एकदाही खर्च सांगितला नाही!”

“कारण त्यांना हिशेब नाही, हेतू दाखवायचा होता!”

“हेतूनं फौजेचं पोट भरतं व्हय?”

आवाज चढत गेले. मग कधीतरी भार्गवीचं लक्ष दाराकडे गेलं. आई हातात पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की भार्गवीनं वाक्य अर्धंच सोडलं.

“माफ करा काकू,” बिरदेव ओशाळला. “मोठ्यानं बोललो.”

“नाही, नाही. चालू द्या,” चारुशीलाबाई म्हणाल्या. पदरानं डोळे टिपले आणि हसल्या. “त्यांच्या स्कॉटलंडला मीही कंटाळले होते. जेवूनच जा.”

मग तो दर रविवारी यायला लागला. कारण दर वेळी एकच : संदर्भ बघायचेत. साताऱ्यात मोठं ग्रंथालय आहे हे तिघांनाही माहीत होतं, पण तो विषय कुणी काढला नाही. भार्गवी रविवारी सकाळी केस धुऊ लागली. तिनं आणखी एक गोष्ट टिपली. बिरदेव वाद घालताना छापील मराठीत बोलायचा. पण एखादी गोष्ट त्याला अगदी मनापासून पटलेली असली की ‘नाही’चं ‘न्हाई’ व्हायचं. त्यामुळं तो कुठं नुसता वकिली करतोय आणि कुठं खरं बोलतोय, हे तिला कळायचं. हा फायदा तिनं त्याला सांगितला नाही.

एका रविवारी तिनं त्याला पुस्तकातलं एक पान दाखवलं. ड्यूकनं आपल्या सख्ख्या धाकट्या भावाच्या देहदंडाच्या हुकमावर सही केली, ते. सगळ्या पुस्तकात त्यावर दीड पान होतं.

“एवढंच?” बिरदेव म्हणाला. “हे तर माझं सगळ्यात मोठं हत्यार. सरांनी असं गुंडाळलं का?”

ती म्हणाली, “अण्णा आणि वाईचे काका वीस वर्षं बोलत नव्हते. का, ते दोघांनाही धड सांगता आलं नसतं. काका दहाव्याला आले. बाहेरच्या पायरीवर बसले. आत या म्हटलं तर म्हणाले, ‘त्यानं बोलावलं नाही, आता कसा येऊ?’”

बिरदेवनं काही लिहून घेतलं नाही. पेन्सिल खिशात ठेवली. पुस्तकाचं ते पान त्यानं जरा जास्तच काळजीनं मिटलं, आणि भार्गवीला वाटलं, कुणीतरी आपलाच हात हातात मिटून घेतला.

दुसऱ्या रविवारी तो म्हणाला, “तुमच्या अशिलाला मेंढरं आवडत नव्हती. तुम्ही कधी मेंढरू जवळून बघितलंय?”

त्याचे वडील नानासो कळप घेऊन पलूसजवळ उतरले होते. माणदेशातली मेंढरं दिवाळीनंतर कृष्णाकाठी येतात, शेतकरी त्यांना आपल्या रिकाम्या रानात रात्रभर बसवून घेतात. रानाला खत मिळतं, मेंढपाळाला धान्य. मोटारसायकलवरून दोघं गेले. भार्गवीनं कॅरियरची दांडी इतकी घट्ट धरली होती की उतरताना बोटं सरळ होईनात. “मला धरलं असतं तरी चाललं असतं,” बिरदेव म्हणाला. “दांडी पडत नाही,” ती म्हणाली.

नानासोंनी घोंगडं झटकून तिला बसायला दिलं. कोकरू मांडीवर ठेवलं. मग विचारलं, “आमचा बिरदेव ज्याच्यावरनं भांडतोय, तो मानूस हाय तरी कोन?”

भार्गवीनं सांगितलं. गायरानं, कुंपणं, हाकललेली माणसं, त्यांच्या बाजूनं उभा राहिलेला राजाचा मामा. चांगलं सांगितलं, अण्णा सांगत तसं. नानासो गुंगले.

“लय चांगला मानूस की गं! गायरान सोडवायचं म्हंजे छाती लागती.”

“आबा,” बिरदेव काडी चावत म्हणाला, “त्यानं मेंढरावर कर बसवला. एकेका मेंढरामागं.”

नानासोंचा चेहरा असा उतरला की भार्गवीला हसू आवरेना.

“मेंढरावर? मेंढरानं काय केलं त्याचं?”

“पण तो वर्षभरातच उठवला!” ती घाईनं म्हणाली.

“त्यानं उठवला?”

“...त्याला खाली ओढल्यावर. दुसऱ्यांनी.”

“मग असं सांग की,” नानासो म्हणाले आणि कोकरू तिच्या मांडीवरून काढून घेतलं. जरा वेळानं त्यांना वाईट वाटलं असावं. परत आणून दिलं. “तुझा काय दोष बाय त्यात. पर एक कळंना. हितं मेंढरं आली की शेतकरी खूश. तिकडं मेंढरं आली म्हून मानसं देशोधडीला? कसलं म्हनायचं असलं रान?”

परत येताना भार्गवी दिवस मोजत होती. खटला सहा दिवसांवर आला होता. हरली, तर अण्णांच्याच कॉलेजात, त्यांच्याच दिवशी, टाळ्यांच्या गजरात अण्णा चुकीचे ठरणार. ते तिला सोसवणार नव्हतं. आणि जिंकली, तर... तर या माणसाला पुढच्या रविवारी सांगलीत काय काम? या दुसऱ्या प्रश्नानं ती इतकी दचकली की खड्ड्यात गाडी आदळल्यावर तिनं दांडी सोडली आणि त्याचा खांदा धरला. विश्रामबाग येईपर्यंत हात काढायचं तिला सुचलं नाही. त्यानंही गाडी अतिशय सावकाश चालवली.

*

खटल्याच्या शनिवारी सभागृह भरलं होतं. आरोपीच्या खुर्चीवर मुलांनी मखमली टोपी ठेवली होती. न्यायाधीश होते जयराज सर, निवृत्त प्राचार्य. त्यांची पलूसला द्राक्षबाग होती आणि आभाळ भरून आलं होतं. त्यामुळं न्यायमूर्तींचं एक लक्ष खिडकीबाहेर होतं.

पहिल्या रांगेत चारुशीलाबाईंच्या शेजारी नानासो फेटा बांधून बसले होते. त्यांच्या पलीकडं त्यांची थोरली बहीण रंगुबाई. ही बिरदेवची आत्या. तिला फोनवर एवढंच कळलं होतं की सांगलीच्या कुणा पोरीशी बिरदेवचा खटला चाललाय. खटला म्हणजे तिच्या माहितीत एकच : कुणाच्या तरी पिकात मेंढरं शिरलीत. भाकरी बांधून, पहाटेची गाडी धरून ती म्हसवडहून आली होती. हा खोटा खटला आहे, हे नानासोंनी तिला दोनदा समजावलं. तिला पटलं नाही. खोट्या खटल्याला एवढी माणसं कशाला येतील?

बिरदेव बोलायला उठला. मित्राचा काळा कोट त्याला मनगटापासून वीतभर आखूड होता. तो चांगला बोलला. स्कॉटलंड, रिकामी तिजोरी, पाडलेलं चर्च, न ऐकलेले सल्ले. आवाज चढला तशी पहिल्या रांगेतून रंगुबाई ओरडली, “सावकाश बोल रं! बिनबापाची पोरगी हाय समोर!”

सभागृह हसलं. भार्गवीलाही हसू आलं, मग तिनं ग्लासातलं पाणी एका घोटात संपवलं.

बिरदेवच्या हातात शेवटचा कागद होता. भार्गवीला माहीत होतं त्यावर काय असणार. भाऊ. त्यानं कागदाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

“फिर्यादी पक्षाचं एवढंच म्हणणं आहे,” तो म्हणाला आणि खाली बसला.

भार्गवी उठली. तिनं भाषण पाठ केलं होतं : चौकशी, कुंपणं, रक्तात भिजलेले रुमाल. तोंड उघडलं तेव्हा त्यातलं काहीच बाहेर आलं नाही.

“फिर्यादी पक्षानं एक आरोप गाळलाय,” ती म्हणाली. “तो मी करते.”

“बचाव पक्ष आरोप करणार?” जयराज सरांनी खिडकीवरून नजर काढली.

“हो. माझ्या अशिलानं आपल्या धाकट्या भावाला मारण्याच्या हुकमावर सही केली. भाऊ कटवाला होता, हे खरं. पण सांगतात की ड्यूक मागाहून म्हणाला, मला भावाला एकदा भेटू दिलं असतं तर तो मेला नसता. लोकांनी कान भरले, आणि यानं भेट घेतली नाही. माझ्या वडिलांनी यावर फक्त दीड पान लिहिलं. त्यांना कळत नव्हतं म्हणून नव्हे. त्यांचाही एक धाकटा भाऊ होता, आणि त्यांनीही भेट घेतली नाही. त्यांच्यानं ते पान लिहवलं नसणार.”

तिनं मखमली टोपीच्या खुर्चीकडे बघितलं.

“वर्षभर सगळे मला सांगताहेत, अण्णा देवमाणूस होते. मला देवमाणसाची आठवण येत नाही हो. मला आठवतात ते हेकट होते, मीठ कमी पडलं की चिडायचे, माझ्या तापात रात्रभर जागायचे, आणि ड्यूकबद्दल बरेच चुकले होते. ड्यूकही तसाच कुणीतरी असेल. गरिबांचं त्याला खरंच वाटत होतं, आणि तो गर्विष्ठही होता. इतिहासकार एकदा त्याला संत करतात, एकदा मूर्ख करतात. माझ्या अशिलाला निर्दोष सोडा, असं मी म्हणत नाही. फक्त त्याला एका शब्दात संपवू नका.”

ती बसली. चारुशीलाबाई रडत होत्या आणि टाळ्याही वाजवत होत्या. बिरदेव टाळ्या वाजवत नव्हता. तो नुसता तिच्याकडे बघत होता, चष्मा काढून, म्हणजे त्याला नीट दिसतही नसणार.

तेवढ्यात पत्र्यावर थेंब वाजले. जयराज सर ताडकन उठले. “न्यायालय निकाल राखून ठेवत आहे,” ते घाईघाईनं म्हणाले. “पावणेपाचशे वर्षं जे विद्वानांना ठरवता आलं नाही ते... माझी बाग आत्ताच फुलोऱ्यात आहे हो, फवारणी झाली नाही तर...” आणि न्यायमूर्ती छत्री उघडत दारातून गेलेसुद्धा.

“पळाला?” रंगुबाई उभी राहिली. “निकाल न लावता पंच पळाला?”

“आक्का, खाली बस,” नानासोंनी लुगडं ओढलं.

“का बसू? भांडण असं उघड्यावर टाकून जायाचं व्हय?” ती तरातरा मंचावर चढली. एका हातानं बिरदेवला आणि दुसऱ्या हातानं भार्गवीला धरून पुढं ओढलं, कनवटीची पिशवी सोडली आणि तळहातावर बिरोबाचा पिवळाजर्द भंडारा काढला. “आमच्यात असं न्हाई चालत. दोघांनी भंडारा उचलायचा, शपथ घ्यायची, मिटलं. पोरी, म्हन : त्या राजाच्या मामावरनं मी ह्याच्यासंगं पुन्यांदा कवा भांडनार न्हाई.”

भार्गवीनं बिरदेवकडे बघितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

“भंडारा उचलून खोटं बोलता येत न्हाई,” तो हळूच म्हणाला. “आमच्यात.”

“कुणातच येऊ नये,” ती म्हणाली. हात पुढं केला... आणि मागं घेतला. “आत्या, ही शपथ मला घेता यायची नाही.”

“का गं?”

“घे की,” पहिल्या रांगेतून चारुशीलाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे ओले होते, पण आवाज चांगलाच खट्याळ होता. “का घेत नाहीस?”

“बरं, तू घे रं,” रंगुबाई पुतण्याकडे वळली.

“मी बी न्हाई घेनार,” बिरदेव म्हणाला.

“तुझं काय आनि?”

तो बोलू लागला तेव्हा कोट, चष्मा, प्राध्यापकी, सगळं गळून पडलं होतं. “आत्या, भांडान मिटलं तर दर रविवारी सांगलीला यायला मला कारन काय ऱ्हातंय? मला त्या मामाचं काय पडलं न्हाई. त्यो भला असंल न्हाई तर बुरा असंल. मला हिच्या समोर बसायचं हाय, बास.”

एकही ‘नाही’ छापील नव्हतं. भार्गवीनं ते नीट ऐकून घेतलं.

“तो कागद का गाळलात?” तिनं विचारलं.

“ते तुम्ही मला सांगितलं होतं. कोर्टाला न्हाई.”

बाहेर पाऊस वाढला. सगळं सभागृह, नानासो, चारुशीलाबाई, टोपी ठेवलेली खुर्ची, सगळे जणू कान देऊन होते. भार्गवीला लाज वाटायला हवी होती. ती वाटली, पण जरा उशिरा. आधी ती बोलून गेली.

“यायला कारण लागतंच का?”

रंगुबाई आळीपाळीनं दोघांकडे बघत राहिली. मग तिच्या ध्यानात आलं, आणि सुरकुत्यांतून हसू पसरलं. “आता गं बया... पिकात मेंढरं शिरली न्हाईतच म्हना की.” तिनं तळहाताकडे बघितलं. “एकदा काढलेला भंडारा काय परत पिशवीत घालायचा न्हाई. वाका दोघं.”

दोघं वाकले. तिनं दोघांच्या कपाळभर भंडारा फासला, उरलेला त्यांच्यावर उधळला. भार्गवीच्या काळ्या जाकिटाचं आणि मित्राच्या कोटाचं जे व्हायचं ते झालं. नानासो टाळ्या वाजवता वाजवता चारुशीलाबाईंना सांगत होते, “पोरगी चांगली हाय तुमची. पर तो मेंढरावरचा कर मला न्हाई पटला.”

गर्दी पांगल्यावर दोघं दाराशी उभे राहिले. पन्हळीतून पाणी पडत होतं. पिवळ्या कपाळांमुळं येणारा-जाणारा दोघांकडे वळून बघत होता.

“भाषणात तुम्ही स्कॉटलंडचं काही बोललाच नाहीत,” तो म्हणाला.

“बोलेन की. उद्या.”

“उद्या सकाळी लवकर येऊ?”

“या,” ती म्हणाली. “पण आधीच सांगते, हार मानणार नाही.”

“न्हाई,” तो म्हणाला. “मानू नगा.”